घाटात ब्रेक पेडल तळाला गेलं, अर्ध्या तासाने परत आलं. मास्टर सिलिंडर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ ची मारुती ८०० आहे, घाट उतरताना पेडल एकदम खाली गेलं, चहा पिऊन आलात तर परत टणक, आणि मेकॅनिक मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदला म्हणतोय. बदलू नका. निदान आधी तरी नको. तो सिलिंडर मी एकदा उगाच बदललाय, म्हणून एवढ्या रात्री टाइप करत बसलोय.

माझी १९९७ ची ८००, कार्ब्युरेटरवाली. मे महिना, मेहुणीचं लग्न, मुलाकडचे चिपळूणचे. आम्ही कराडहून निघालो. मागे ही आणि सासूबाई, त्यांच्या मांडीवर रुखवताचं सामान, शेजारी मेहुणा. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, तसा मेहुणा म्हणाला, "दाजी, न्यूट्रल टाका की. उतारावर कशाला पेट्रोल जाळताय?"

माझे वडील एसटीत ड्रायव्हर. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे मी स्टिअरिंग हातात घ्यायच्या आधी शिकलोय. तरी टाकलं न्यूट्रल. नवा जावई होतो, मेहुण्याशी कोण वाद घालणार.

पाच-सहा वळणं नुसत्या ब्रेकवर काढली. मग जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला पाय ठेवला तर पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली, मॅटला टेकलं. भराभर पंप केलं तेव्हा चौथ्या दाबाला पायाला काहीतरी लागलं. दुसरा गिअर घातला, इंजिन बोंबललं, मग पहिला. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढला, कारण एकदम ओढला की मागची चाकं घसरतात. शेवटी डोंगराकडच्या गटारात चाक घालून थांबलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या विषयावर अजूनही बोललेल्या नाहीत. मेहुण्याने मात्र उतरून पाण्याची बाटली पुढच्या चाकावर ओतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतायचं नसतं, डिस्क वाकू शकते. पण मी ओरडेपर्यंत छम्म झालेलं होतं.

अर्ध्या तासाने पेडल परत आलं, अगदी तुमच्यासारखं. पहिल्या गिअरात पोफळीपर्यंत उतरलो. चिपळूणच्या गॅरेजवाल्याने नवा मास्टर सिलिंडर टाकला, वरून थोडं ब्रेक ऑइल भरलं, एअर (तेलात अडकलेली हवा) काढली, पैसे घेतले. चाकांकडचं तेल जुनं ते जुनंच. दिवाळीत खंबाटकी उतरताना पेडल पुन्हा मऊ!

मग कराडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाकाजवळचं निप्पल (तेल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडून दाखवलं. कोऱ्या चहासारखं काळं तेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) उकळायला किमान २०५ अंश लागतात, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून पेडल खाली. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल परत. सिलिंडरचे रबर गेले असते तर ते चहा पिऊन सुधारले नसते.

त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी उभी, इंजिन चालू, पेडल एकसारखं दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मेकॅनिक बरोबर आणि मी चूक. जागच्या जागी राहिलं तर आधी चारही चाकांचं तेल पूर्ण बदलून घ्या, नुसतं वरून भरून नको. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली तर ड्रम उघडून व्हील सिलिंडर (चाकातला छोटा सिलिंडर) बघा. माझा डावीकडचा पाझरत होता. दोनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल तर मागच्या ब्रेक लायनरची ॲडजस्टमेंट.

आणि एअर काढताना मदतनीस पोराला पेडल तळापर्यंत मारू देऊ नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग रोज वापरात नसतो, तिथे गंज धरलेला असतो, त्यावर रबर फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. चांगले सिलिंडर असेच मरतात आणि मग गाडी जुनी म्हणून शिव्या गाडीला.

मेहुणा आजही प्रत्येक लग्नात सांगतो, "दाजींच्या डबड्याचे ब्रेक गेले." डबडं नव्हतं ते. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर, म्हणून ब्रेक तापले. पेट्रोल वाचतं हेही खोटं, तुमच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे (पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा), गिअरात उतरताना पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. (माझ्या कार्ब्युरेटरवालीत थोडं वाचलंही असेल. किती, पाव लिटर?) आता एक कबूल करतो: गाडी घेतल्यापासून सहा वर्षं मी ब्रेक ऑइल बदललं नव्हतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि खंबाटकीत मी तिसऱ्या गिअरात होतो. हे मेहुण्याला माहीत नाही.

हो, आणि मी मेकॅनिक नाही. पेडल परत आलंय म्हणून गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. आम्ही पोफळीपर्यंत उतरलो तो मूर्खपणा होता.

तेलाचा रंग बघून खाली लिहा. आणि तुमचा गिअर कोणता होता, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही.