सर्व्हरचा नेट स्पीड मोजताय? आधी हे बघ की

अरे बाबा, ब्राऊझरमधली स्पीड टेस्ट लावून सर्व्हर स्लो म्हणू नको, ती तुझ्या लॅपटॉपच्या वायफायची टेस्ट झाली की. आणि मोठी फाईल एससीपीने (नेटवरनं सुरक्षित फाईल पाठवायची कमांड) कॉपी करून टाइम बघतोस त्यात डिस्क आणि एन्क्रिप्शन दोन्ही मधे येतात.

आयपर्फ३ (iperf3, दोन मशीनमधला नेट स्पीड मोजायचं टूल) टाक दोन्हीकडं. एका मशीनवर आयपर्फ३ -एस (सर्व्हर), दुसऱ्यावर आयपर्फ३ -सी (क्लायंट) आणि पहिल्याचा आयपी, फायरवॉलमध्ये ५२०१ पोर्ट उघडायला विसरू नको. डिफॉल्ट १० सेकंदच चालतंय, तू -टी ३० दे, आणि कॅपिटल आर लावून उलट दिशेनं पण बघ, डाऊनलोड अपलोड सारखं असेलच असं नाही. गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट) लिंकवर ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर गप्प बस, हजार कधी दिसणार नाही, प्रत्येक पॅकेटला चिकटलेले हेडर (पत्ता वगैरे माहिती) पण जागा खातात.

आमच्या खानापूरच्या ऑफिसात ९४ मेगाबिटवरच अडकलेलं, दोन दिवस मी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सेटिंग उकरत बसलो. शेवटी ईथटूल (ethtool, नेटवर्क कार्डचा लिंक स्पीड दाखवणारी कमांड) मारलं तर स्पीड १००! केबलची एक तार क्रिंपिंगमध्ये (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) नीट बसलीच नव्हती, गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. म्हणून आधी ईथटूल, मग बाकी.

आणि हो, सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट (आठ बिटांचा एक बाइट), त्यावरून प्रोव्हायडरशी भांडू नको. बेळगावातनं बाहेरच्या सर्व्हरवर मोजणार असशील तर सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा मोज.