ॲड्रेस बारमधून थेट शोध : संकेतस्थळाकडे मागणी कशी करावी?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात पाठ दाखवण्यासाठी एक शैक्षणिक संकेतस्थळ नेहमी वापरते. प्रत्येक वेळी ते आधी उघडायचे आणि मग त्याच्या शोधचौकटीत ‘अपवर्तन’ असे टाइप करायचे, यात तासिकेचा बराच वेळ जातो. ब्राउझरच्या ॲड्रेस बारमधूनच या स्थळावर शोध घेता यावा, अशी विनंती चालकांना करायची आहे. तिच्यात नेमके काय लिहावे?
– एक शिक्षिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपली मागणी रास्त आहे आणि ती पूर्ण करणे चालकांना मुळीच जड नाही. मात्र ‘शोधाची सोय सुधारावी’ एवढेच लिहिल्यास काहीही घडणार नाही. विनंतीत ‘ओपनसर्च’ हे नाव स्पष्ट लिहावे; स्थळावर शोध कसा घ्यायचा हे ब्राउझरला कळवण्याची ही पद्धत आहे. ॲमेझॉनच्या ए-नाइन या उपकंपनीने ती सर्वांसाठी खुली अशी २००५ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी फायरफॉक्सच्या दुसऱ्या व इंटरनेट एक्स्प्लोररच्या सातव्या आवृत्तीत ती आली. तिच्यासाठी स्थळावर एक्सएमएल स्वरूपाची (म्हणजे खुणांमध्ये मांडलेल्या मजकुराची) एक लहानशी फाइल ठेवावी लागते. तिच्यात स्थळाचे छोटे नाव, वर्णन आणि शोधशब्द पत्त्यात कोठे बसवायचा हे सांगणारा साचा असतो. या फाइलकडे निर्देश करणारी एक ओळ पानाच्या ‘हेड’ भागात (पानाच्या कोडमधील, पडद्यावर न दिसणाऱ्या माहितीच्या भागात) घातली, की ब्राउझरला ही सोय ओळखता येते. क्रोम ही ओळ मुखपृष्ठावर पाहतो, त्यामुळे ती केवळ आतल्या पानांवर घालून भागणार नाही, हेही आवर्जून कळवावे.

त्याआधी एक गोष्ट आपणच तपासून पाहा. स्थळावर शोध घेतल्यानंतर निकालाच्या पानाच्या पत्त्यात आपला शब्द दिसतो का? दिसत नसेल, तर साच्यात शब्द बसवायला जागाच उरत नाही, आणि मग निकालाच्या पानाला स्वतंत्र पत्ता द्यावा, ही पहिली मागणी ठरते. लॉगिन केल्याशिवाय शोध चालत नसेल, तर लॉगिननंतर शोधलेला शब्द हरवू नये, हेही सांगावे लागेल.

मराठीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा पुढेच आहे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्तचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित संगणकीय पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. त्यामुळे ‘अपवर्तन’ या शब्दाची ६३ चिन्हे होतात. सर्व्हरने ती चुकीच्या पद्धतीने वाचली, तर शब्दाची मोडतोड होऊन निकाल रिकामा येतो. केवळ इंग्रजी शब्द टाकून चाचणी घेतली, तर हा दोष उघडकीस येत नाही. म्हणून दोन-तीन मराठी शब्द, अपेक्षित पाठ आणि आपल्या ब्राउझरचे नाव विनंतीतच द्यावे. शाळेतील इतर शिक्षकांनीही तीच मागणी नोंदवली, तर तिचे वजन निश्चितच वाढेल.

तोपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही. निकालाच्या पानाचा पत्ता कॉपी करून त्यातील शोधशब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी लिपीतील लहान ‘एस’ लिहावा. हा पत्ता क्रोमच्या सेटिंग्जमधील सर्च इंजिनच्या विभागात एखाद्या छोट्या शॉर्टकटसह जोडावा. मग ॲड्रेस बारमध्ये तो शॉर्टकट टाइप करून टॅब दाबायचा, पुढे ‘अपवर्तन’ लिहायचे आणि एंटर द्यायचे. निकालाचे पान थेट उघडते. फायरफॉक्समध्ये स्थळाच्या शोधचौकटीवर राइट-क्लिक केल्यास बहुधा असाच पर्याय मिळतो. ही जोडणी सहसा त्या संगणकावरील आपल्या प्रोफाइलपुरतीच राहते, त्यामुळे प्रत्येक वर्गाच्या संगणकावर ती वेगळी करावी लागेल. ओपनसर्च आल्यावर पत्ता हाताने जुळवावा लागणार नाही, परंतु फायरफॉक्समध्ये ते स्थळ शोधयंत्रांच्या यादीत आपण स्वतः जोडायचे असते, आणि क्रोमच्या आताच्या आवृत्त्यांमध्ये तो शॉर्टकट सेटिंग्जमधील निष्क्रिय शॉर्टकटांच्या यादीत आढळल्यास तेथून तो सक्रिय करावा.