कीटच्या विमानाला ८० अश्वशक्तीचे इंजिन पुरेल का?

यवतमाळकडे राहून दोन आसनी कीटचे विमान (कंपनीकडून सुटे भाग आणून स्वतः जोडायचे) बांधायचे आहे, तर रोटॅक्स ९१२ चे ८० अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे की १०० चे, आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. उभी हयात विमाने उडवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर जिनिंगच्या रिकाम्या गोदामात मी असेच विमान जोडले, त्यामुळे ठामपणे सांगतो की ८० पुरते.

माझ्या साडूंना हे आजही पटत नाही. ट्रॅक्टरच्या धंद्यात मुरलेले गृहस्थ, "मरतुकड्या बैलानं नांगरनी होते काय, भाऊ?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ते मे महिन्यात चाचणी पाहायला आले तेव्हा पारा ४५ अंशांवर होता. आपली जमीन हजारेक फूटच उंच असली तरी अशा उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमान जणू पाच हजार फुटांवरून उडू पाहत असते. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिनाचे फेरे मिनिटाला ५,००० च्या पुढे जाईनात आणि साडूंचा चेहरा खुलला. मी प्रॉपेलरच्या मुळाशी असलेले बोल्ट सैल केले, कोनमापक लावून तिन्ही पात्यांचा कोन अगदी सारखा, थोडासा कमी केला, म्हणजे हवा कापायला इंजिनाला जोर कमी लागतो, आणि टॉर्क पान्याने बोल्ट पुन्हा आवळले. त्यानंतर फेरे ५,५०० च्या वर, पण ५,८०० च्या मर्यादेत गेले आणि धावपट्टी बरीच शिल्लक असतानाच चाके उचलली. साडू म्हणाले, वारा समोरून होता.

शिवाय १०० च्या इंजिनाला किमान ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागते, ८० च्याला ९० चालते. अर्थात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि रोटॅक्सला १० टक्क्यांपर्यंतच मान्य आहे, म्हणून मी एव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचे जास्त ऑक्टेनचे पेट्रोलच वापरतो. त्यातील शिशामुळे इंजिनाचे वंगणतेल लवकर बदलावे लागते. एव्हगॅस भरल्यावर ऑक्टेनचा मुद्दा उरत नाही, हे साडूंना कळवण्याची गरज मला वाटत नाही. दोन धिप्पाड माणसे आणि भरलेली टाकी घेऊन भर दुपारी उडायचे असेल तर मात्र १०० चे घ्यावे. मी उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उतरलेला असतो.

खर्च डॉलरच्या भावावर आणि आयातशुल्कावर ठरतो, तो विक्रेत्यालाच विचारावा. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणीसाठी २०१७ पर्यंत कित्येक वर्षे थांबावे लागले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी आधी लेखी बोलावे आणि इंजिन त्यानंतर मागवावे.