थेट खात्यात पैसे आल्याने गरीब शेतकरी घरात नेमकं काय बदलतं?

माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडचं कोरडवाहू घर धरा. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, नमो शेतकरीचे तेवढेच आणि जुलै २०२४ पासून बाईच्या खात्यात लाडकी बहीणचे महिना १५००. (जमीन तिच्याच नावावर असून आधीच्या दोन्ही योजना ती घेत असेल तर मात्र लाडकी बहीणचे फरकाचे महिना ५००च.) म्हणजे वर्षाला साधारण ३०,००० रुपये.

गरिबी यातून हटत नाही. पण किराणा दुकानातली उधारी आटोक्यात येते, पेरणीच्या तोंडाला खताच्या पिशवीसाठी सावकाराचं दार धरावं लागत नाही, बचत गटाचा हप्ता चुकत नाही. माझ्या मते खरा फरक बाईच्या नावावरच्या खात्याचा. औषधपाण्याला, पोरांच्या वह्यांना नवऱ्यापुढे हात पसरणं कमी होतं. हप्ता लांबला की गणित पुन्हा कोलमडतं. आणि मोठं आजारपण आलं तर हे पैसे कुठल्या कुठे जातात.