गाडीचं गाऱ्हाणं : गंजलेली पिकअप आणि चवथीची घाई

या खेपेला आलेली पत्रं बहुतेक गंजाचीच आहेत. त्यातलं पहिलं जरा सविस्तर घेतो, कारण त्यात पुष्कळ जणांचे प्रश्न एकदमच आलेत.

प्रश्न : आमच्या बाबांची २००५ ची टाटा २०७ घराकडे आंब्याखाली तीन वर्षं उभी आहे. आधी ती मासळी आणि बर्फ घेऊन फिरायची. इंजिन चालू होतं पण केबिनचा तळ, दारांची खालची कड आणि हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) गंजलाय. टिंकर (पत्रा ठोकणारा) म्हणतो पुट्टी मारून पंधरा दिवसांत नवी करून देतो. माझ्याकडे ८०,००० रुपये आहेत. मिलिटरी हिरवा रंग, पुढे जाड बंपर गार्ड, मोठे टायर असं डोक्यात आहे आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) गाडी दारात उभी राहिली तर बाबांना फार बरं वाटेल. जमेल का? (एक वाचक, मांद्रे, गोवा)

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातला एकच शब्द माझ्या डोक्यात अडकून राहिला, मासळी. घरासमोर समुद्राचा खारा वारा आहेच, पण मासळीच्या पेट्यांतलं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्याच्या फटीतून गळत चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर जातं, तिथे कोपऱ्यात साचतं आणि मीठ तिथेच बसून राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी तो पत्रा आतून ओलाच. म्हणून कुठलाही टिंकर यायच्या आधी गाडी धुवा, आणि वरून नाही, खालून धुवा, प्रेशरने, चेसीच्या आतल्या खाचेत नळी घालून, दोन-तीन दिवस लागोपाठ. पाणी गोडं पाहिजे. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं, त्याने धुतलं तर काहीच साधलं नाही.

मग गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली अजिबात शिरायचं नाही, आणि एक हातोडी आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चेसी ठोकत जा. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, सडलेलं बद्द वाजतं आणि त्याचे पापुद्रे पडतात. जिथे बद्द वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर जोरात दाबून बघा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चेसीला बसतात ती जागा, मागच्या चाकाच्या वरचा भाग आणि केबिन जिथे चेसीवर टेकते तिथलं ब्रॅकेट, या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ घाला. पाट्याच्या हँगरपाशी स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर पुढचा एक रुपया खर्च करायच्या आधी जुनी चेसी जाणणाऱ्या वेल्डरला बोलवा, आणि तोही नको म्हणाला तर माझंही उत्तर नकोच आहे, बाबांची गाडी असली तरी. भरलेल्या गाडीचा मागचा पाटा चालत्या रस्त्यावर निसटला तर काय होतं ते मी बघितलंय.

चेसी ठीक निघाली असं धरून चालू.

आता पुट्टी. पुट्टी ही ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरची उरलेली लाट भरायला असते, भोक बुजवायला नसते. भोकाच्या मागून पाणी येतंच, पुट्टी पाणी पिते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. २००१ साली मी माझ्या पहिल्या जीपला असंच केलं होतं, गंज थोडासा घासला, वर रेड ऑक्साईड, वर चकचकीत एनॅमल, आणि दीड वर्षात दाराची कड पापडासारखी मोडून हातात आली. रेड ऑक्साईडबद्दल आपल्याकडे फार विश्वास आहे पण तो सच्छिद्र असतो, ओलावा आत जाऊ देतो. स्वच्छ लोखंडावर दोन भागांचा, म्हणजे हार्डनर घालून वापरायचा एपॉक्सी प्रायमर मारा, तो खरंच बंद करतो. महाग पडतो, आणि पैसे वाचवायची ही जागाच नाही.

सडलेला पत्रा कापायचा म्हणजे पूर्ण कापायचा, चांगलं चमकणारं लोखंड लागेपर्यंत, मग भोक बशीएवढं होतं की ताटाएवढं ते बघत बसू नका. नवा तुकडा १८ किंवा २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा. वेल्डिंग सीओटू किंवा मिगवाल्याकडे करा, साध्या आर्कने पातळ पत्रा जळतो आणि गॅसने पिळतो. आणि त्याला आधीच सांगा की सलग ओढू नको, लांब लांब अंतरावर छोटे टाके घाल, थंड होऊ दे, मग मधले भर. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, अल्टरनेटरचीही, आणि डिझेलची टाकी जवळ असेल तर ती उतरवायचीच, यात आळस नको.

माणूस कुठे शोधायचा विचाराल तर मी साखळी, उसगाव, होंडा या पट्ट्यात बघायला सांगेन. खाणींचे टिपर तिथे वर्षानुवर्षं बांधले-दुरुस्त केले गेलेत, २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, पण हात तेच आहेत. आणि भुईपालला ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवात बसच्या बॉड्या बांधतात, तिथे पत्र्यावर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस तुमच्या गावाकडे निवृत्त होऊन बसलेला असू शकतो, ओळखीपाळखीत विचारून बघा. असा एक म्हातारा माणूस शेजारी खुर्ची टाकून बसला तरी काम बदलतं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून वेगळी सांगतो. चेसीवर ठोकलेला नंबर असतो, त्यावर ग्राइंडर लावू नका, जाड प्रायमरही चढवू नका. नंबर वाचता आला नाही तर पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) गाडी अडकते आणि तो पुन्हा ठोकून घ्यायला आरटीओची परवानगी लागते. पहिल्याच दिवशी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, आरसीशी ताडून बघा आणि ती जागा ग्रीस लावून टेपने झाका.

रंगाबद्दल मला तुम्हाला स्पष्टच नको म्हणायचंय. मिलिटरीचा ऑलिव्ह हिरवा संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणालाच लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तसा आहे. दुसरा कुठला रंग हवा असेल तर आधी आरटीओत अर्ज, मग आरसीवर नोंद. बंपर गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचं पत्रक काढलंय, शिवाय समोर माणूस आला तर तो लोखंडी पाइप त्याला मारतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ठासून सांगितलं. म्हणून टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच ठेवा, हवं तर त्याच मापात चांगल्या खाचांचे घ्या. गाडी खास तुमची दिसायला हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या, नव्या सीटा, मेणकापडाची नीट बसवलेली ताडपत्री आणि काचेवर हाताने रंगवलेलं तुमच्या देवाचं नाव, एवढं पुष्कळ आहे. स्टिकर नको, पाट्या रंगवणारा पेंटर अजून मिळतो, त्याच्याकडूनच करून घ्या.

कागदपत्रांचंही लगेच बघा. पिवळ्या पाटीची गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी लागतो आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलीय, नंतरही वाढली. तीन वर्षं गाडी उभी म्हणजे कर, विमा, फिटनेस सगळंच थकलं असणार. तुमच्या आरटीओच्या ऑफिसात जाऊन आधी हा आकडा काढा, मगच ८०,००० चं गणित मांडा. (दहा वर्षांवरची डिझेल गाडी बंद, हे जे लोक सांगतात ते दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाचं आहे, गोव्याचं नाही.)

गणित माझ्या मते असं. कागदपत्रांचं बाजूला काढल्यावर उरलेल्यातले १५,००० कुणाला न सांगता वेगळे ठेवा, कारण केबिनची मॅट आणि गोणपाट उचलल्यावर खाली काय निघेल ते आत्ता कुणालाच माहीत नाही. मग ब्रेक, म्हणजे लोखंडी पाइप नवे, व्हील सिलिंडरच्या किट, मास्टर सिलिंडर तपासून आणि ऑईल पूर्ण बदलून, कारण ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पितं आणि तुमचं ऑईल कमीत कमी तीन वर्षांचं आहे. मग डिझेल टाकी उतरवून आतून साफ, फिल्टर नवे. अर्थिंगच्या पट्ट्या जिथे चेसीला बसतात ती जागा घासून चकचकीत करा, अर्ध्याअधिक लाइटच्या तक्रारी तिथेच मिटतात. मग पत्रा आणि प्रायमर. वरचा रंग सगळ्यात शेवटी, उरेल त्यात.

आणि चवथ. नाही जमणार, निदान रंगासकट नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, त्या हवेत साफ केलेलं लोखंड रात्रीत लाल होतं आणि ओल्या हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, नीट धरत नाही. पावसात मेकॅनिकल काम, ब्रेक, वायरिंग आणि छपराखालचं वेल्डिंग करा. वेल्डिंग केलेला भाग त्याच दिवशी घासून त्याच दिवशी प्रायमर, आणि कोरडा उघडीपीचा दिवस बघूनच, म्हणजे एका दिवसात जेवढं झाकता येईल तेवढंच उघडं करायचं. वरचा रंग दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हार्डनरवाला रंग स्प्रे करताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा धरतो, गॅस फिल्टरचा मास्क पेंटरकडे नसेल तर तुम्ही विकत आणून द्या. चवथीला गाडी प्रायमरमध्येच, राखाडी रंगात का असेना, स्वतःच्या इंजिनवर अंगणात येऊन उभी राहील, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायला बाबांना शेजारी बसवून न्या, अर्थात फिटनेस आणि विमा झाला असेल तरच रस्त्यावर.

शेवटचं, आंब्याखाली परत उभी करू नका. पानं काचेच्या रबराखाली आणि दाराच्या तळाच्या भोकांत सडतात, वर आपली तांबडी माती बसते आणि दारात पाणी साचतं. ती भोकं दर महिन्याला तारेने मोकळी करायची.

प्रश्न : आमची पिकअप कुळागरातले (बागेतले) नारळ-सुपारी आणि शेणखत नेते. हौद्याचा तळ गेला. चेकर प्लेट टाकू की लाकूड? (एक शेतकरी ताई, सांगे)

उत्तर : ताई, लाकूड. शेणखताचा ओलावा चेकर प्लेटखाली अडकतो आणि खालून ती कधी सडली ते कळतही नाही. किंदळ किंवा ऐनाच्या फळ्या घ्या, दोन फळ्यांत बोटाच्या पेराएवढी फट ठेवा म्हणजे पाणी खाली जाईल, फळ्यांना खालून-वरून तेल पाजा, विशेषतः कापलेल्या टोकांना, आणि आडव्या चॅनेलवर रबरी वायसर घालून बोल्टने बसवा, वेल्डिंगने नाही. एक फळी कुजली तर एकच बदलायची. खत उतरवलं की त्याच संध्याकाळी हौदा धुवायचा, ते उद्यावर टाकू नका. गंजलेले जुने बोल्ट वापरायचे असतील तर घरातल्या माडाच्या विनागरात (व्हिनेगरमध्ये) रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच वाळवून तेल लावा. ब्रेकचे किंवा पाट्याचे बोल्ट मात्र असे परत वापरू नका, ते नवेच घ्या.

प्रश्न : पावसाआधी चेसीला खालून जळकं ऑईल मारतात ते चांगलं का डांबरी कोटिंग? (काणकोण)

उत्तर : दोन्ही नको. जळकं ऑईल थोडे दिवस गंज अडवतं हे खरं, पण ते रबरी बुश फुगवतं, धूळ धरतं आणि पहिल्या पावसात गळून तुमच्याच अंगणातून विहिरीकडे जातं. डांबरी कोटिंग स्वच्छ, प्रायमर मारलेल्या चेसीवर चालेल, पण गंजावर मारलं तर आत ओल कोंडते आणि वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं म्हणून दोन-तीन वर्षं कुणी बघतच नाही. चेसी धुवा, वाळवा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, घट्ट बसलेल्यावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर डब्यावर लिहिलंय तसं लावा, वर एपॉक्सी, आणि चेसीच्या आतल्या पोकळीत मेणाचा कॅव्हिटी स्प्रे.

प्रश्न : टाटामोबाईल २०६ चे पार्ट कुठे मिळतील? (डिचोली)

उत्तर : २०६ ही १९८८ ची गाडी, पण सिएरा, इस्टेट आणि सुमो तिच्याच पायावर उभ्या राहिल्या, त्यामुळे दुकानात २०६ म्हणून मागू नका, जुन्या सुमोचं म्हणून मागा. काढलेला पार्ट पिशवीत घालून चोर्ला घाटाने बेळगावला जा, शेजारी ठेवून मापून घ्या, दात आणि भोकं मोजा. पत्र्याचे भाग मिळाले नाहीत तर नमुन्यावरून ठोकून घ्यावे लागतील, म्हणून जुना सडका पत्रा भंगारात देऊ नका, नवा बसेपर्यंत जपून ठेवा.