पणजोबा मेसोपोटेमियात होते. रीएनॅक्टमेंट करून त्यांचं जगणं कळेल का?

तुमचा प्रश्न असा: पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, घरात फक्त त्यांचं पदक उरलंय, आणि तसाच गणवेश चढवून, तसंच चालून, म्हणजे रीएनॅक्टमेंट करून, त्यांचं आयुष्य किती समजेल? बरंच समजेल. पण सुरुवात गणवेशाने नको, पदकाने करा.

पदकाची कड भिंगाखाली धरा. तिथे क्रमांक, नाव, हुद्दा आणि पलटण किंवा तुकडी असते. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार व १९१४, १९१८ ही सालं असतील, तर धातू बघा. चांदीचं पदक लढणाऱ्यांना मिळालं. ब्राँझचं मजूर तुकड्यांना आणि पलटणीसोबतच्या नोकरांना. ब्राँझचं निघालं म्हणून हिरमुसू नका. मग तुमच्या सरावात बंदूक नसेल. फावडं असेल, स्वयंपाकाची भांडी असतील किंवा पाण्याची पखाल असेल. खेचरावर दोन बाजूंना दोन पखाली असतात. एकीतलंच पाणी काढत राहिलं तर ओझं कलतं आणि खोगीर फिरतं, म्हणून दोन्हींतलं पाणी सारखं काढावं लागतं. हे एकदा हाताने केलं की पाणक्याचं काम किती अवधानाचं होतं ते कळतं. सगळेच बंदुकीच्या मागे धावतात, आणि अशी माणसं विसरली जातात याचं मला फार वाईट वाटतं.

चांदीचं पदक आणि १०३, ११० किंवा ११७ यांपैकी मराठा पलटण निघाली, तर पणजोबा कदाचित कुतच्या वेढ्यात असतील. कुत हे मेसोपोटेमियातलं टायग्रिसकाठचं गाव. तिथे तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढलं होतं (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६).

आता गणवेश. सगळ्यात जास्त शिकवते ती पायावरची पट्टी. इंग्रजीतला 'पटी' हा शब्द आपल्या पट्टीवरूनच गेलाय. लोकरी कापड, साधारण २.७ मीटर लांब, १० सेंमी रुंद. आधी नाडीचं टोक आत ठेवून घट्ट गुंडाळी करा, नाहीतर बांधताना पट्टी जमिनीवर लोळते. पायदळाची पट्टी बुटाच्या काठापासून वर गुडघ्याकडे जाते, घोडदळाची वरून खाली. घोट्यावर दोन वेढे एकावर एक, पुढचा प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकणारा. पोटरी फुगायला लागली की पट्टीची खालची कड सुटते. तिथे वेढा किंचित तिरका वर न्या. गुडघा थोडा वाकवूनच बांधा. ताठ पायावर आवळली तर तासाभरात पोटरीला मुंग्या येतात. सैल राहिली तर दोन किलोमीटरांत घोट्यावर गोळा होते. पहिले आठ-दहा प्रयत्न फसतातच.

बंदूक लाकडी प्रतिकृतीच घ्या, संगीन रबराची. खरी ली-एन्फिल्ड, म्हणजे त्या काळची सैनिकी बंदूक, सुमारे ४ किलोची. प्रतिकृती हलकी असते, म्हणून नळीत लोखंडी सळई घालून वजन भरा. एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे शंभराचे अडीच किलो. तेवढी वाळू पट्ट्याच्या कप्प्यांत भरा, खांदा कुठे काचतो ते कळेल. सध्याच्या लष्कराचा गणवेश किंवा चिन्हं मात्र वापरू नका. सैनिक असल्याचं भासवणं गुन्हा आहे.

चालणं ५० मिनिटं, थांबणं १० मिनिटं, वेग ताशी ४ किमीच्या आसपास. सुरुवात ५ किलोमीटरने, निम्म्या ओझ्याने, जुन्या बुटांत. जमलं की एकदा पावसात, भिजलेल्या लोकरी कोटात चाला. वाळवंट म्हटलं की आपल्याला फक्त ऊन आठवतं. पण जानेवारी १९१६ मध्ये कुत सोडवायला निघालेली फौज वाटेतल्या हन्नाला पावसाने, चिखलाने आणि थंडीने गारठली होती.

वेढ्यातली उपासमार करून बघायची नाही. त्याऐवजी एक नोंद समजून घ्या: कुतमध्ये गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी (जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला, आपल्या लोकांना आट्याने त्यापासून वाचवलं, पण भाजी नाही आणि धर्मामुळे घोड्याचं मांस नाकारलेलं, त्यामुळे स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं. शिधा कमी होत गेला तरी एप्रिलपर्यंत बरेच जण त्या मांसाला शिवले नाहीत. तुमच्या घरात मांसाहार चालायचा का, कोणता वर्ज्य होता, हे आजीला आजच विचारून ठेवा.