वाचकांचे प्रश्न : मुराबहाची कागदपत्रे, मुदारबाचे दर आणि हलालची प्रश्नावली

इस्लामी अर्थशास्त्रावर संशोधन करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतली पाच थोडी काटछाट करून इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुराबहात, म्हणजे मूळ खर्च आणि नफा उघड सांगून केलेल्या विक्रीत, बँक १,००,००० ची वस्तू ग्राहकाला १,०८,००० ला १२ हप्त्यांत विकते. व्याजाच्या कर्जातही हप्ता तेवढाच बसू शकतो. मग प्रबंधात दोन्ही वेगळे आहेत हे दाखवायचे कशावरून?

हप्त्यांच्या तक्त्यावरून ते दाखवता येणार नाही, त्यात वेळ घालवू नका. पैसा दोन्हीकडे सारखाच येतो-जातो. फरक आहे तो मालकीत. सूरा बकराच्या २७५ व्या आयतीत व्यापार हलाल आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम ठरवला आहे. फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, दृष्टीने व्यापार म्हणायचा तर विकणाऱ्याकडे माल हवा, आणि माल त्याच्याकडे असेपर्यंत त्याचा धोकाही त्याच्याच माथी हवा. म्हणजे बँकेने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, ताब्यात घ्यायची, मूळ खर्च आणि नफा ग्राहकाला उघड सांगायचा आणि मगच विकायची. खरेदी आणि विक्री यांच्या मधल्या काळात, तो दोन तासांचा का असेना, माल जळाला किंवा फुटला तर नुकसान बँकेचे.

तेव्हा संशोधकाने कागद पाहावेत. प्रत्येक व्यवहाराचे पाच कागद तारीख-वेळेसह क्रमाने लावा : ग्राहकाचे खरेदीचे वचन, ग्राहकच बँकेचा एजंट असेल तर वकालाचा करार, पुरवठादाराचे बिल, ताबा मिळाल्याची नोंद, आणि शेवटी विक्रीचा प्रस्ताव व स्वीकृती. गडबड ठरावीक जागी सापडते. पुरवठादाराचे बिल वचनाच्याही आधीचे निघते. म्हणजे माल ग्राहकाने केव्हाच घेतला होता आणि बँकेने नुसते पैसे पुरवले. काही वेळा विक्रीच्या स्वीकृतीवरची वेळ ताब्याच्या नोंदीआधीची असते. माल इंधनासारखा असेल तर विक्रीच्या दिवशी तो वापरून संपलेलाही असतो, आणि नसलेल्या वस्तूची विक्री होत नाही. वकालाच्या व्यवहारांत या चुका अधिक, कारण खरेदी, ताबा आणि पुन्हा खरेदी एकच माणूस करतो आणि कागद मागाहून एका बैठकीत भरले जातात. किती व्यवहारांत क्रम पाळला गेला, हा आकडा तुमच्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

तुलना करताना एक हिशेब नीट करा. वरच्या उदाहरणात नफा सपाट ८ टक्के दिसतो. पण दरमहा ९,००० परत येत जातात, त्यामुळे वापरात असलेली रक्कम घटत जाते. घटत्या रकमेवर काढला तर हाच दर दरमहा सुमारे १.२ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १४.५ टक्के पडतो. सपाट ८ टक्क्यांची तुलना कर्जाच्या घटत्या शिलकीवरच्या १२ टक्क्यांशी करून मुराबहा स्वस्त ठरवणे ही ढोबळ चूक आहे, आणि ती छापील लेखांतही आढळते.

खरा फरक हप्ता थकल्यावर उघडा पडतो. मुराबहाची किंमत एकदा ठरली की वाढत नाही. उशिराबद्दल वसूल केलेली रक्कम बँकेला उत्पन्नात धरता येत नाही, ती दानखात्यात जाते. वार्षिक अहवालात हे दानखाते शोधा. मुदतीआधी फेड केली तर मिळणारी सूट, म्हणजे इब्रा, बँकेच्या मर्जीवर असते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने मात्र ती करारात लिहिणे सक्तीचे केले आहे. देशादेशांची तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

आणि तवर्रुक मुराबहात मिसळू नका. तवर्रुकमध्ये ग्राहकाला वस्तू नकोच असते. उधारीवर घेतलेला माल लगेच तिसऱ्याला रोखीने विकून तो पैसा उभा करतो. बँकेनेच दोन्ही टोके जुळवून दिलेला संघटित तवर्रुक आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००९ च्या शारजा अधिवेशनात नामंजूर केला. तरीही तो अनेक ठिकाणी चालतो आणि ताळेबंदात बहुधा मुराबहाच्याच ओळीत बसतो. टिपा वाचून तो वेगळा काढल्याशिवाय पुढचे विश्लेषण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुदारबा, म्हणजे नफ्यात वाटा देणाऱ्या, ठेवींवरचा नफा बाजारातल्या व्याजदरामागे चालतो का, हे तपासायचे आहे. मासिक दर गोळा केले आहेत. पुढे काय करू?

या प्रश्नावरचा बराच चर्चिलेला अभ्यास चोंग आणि लिऊ यांचा, २००९ चा, मलेशियाच्या आकड्यांवरचा. मुदारबा ठेवींचे दर साध्या बँकांच्या ठेवदरांना घट्ट बांधलेले आहेत, असे त्यांना आढळले. तुम्हालाही तसेच आढळण्याची शक्यता मोठी. म्हणून नुसते ‘संबंध आहे’ यावर थांबू नका. तो का आहे ते शोधा.

बँक जाहीर करते तो दर कमावलेला दर असतोच असे नाही. एक हिशेब पाहा. ठेवींच्या निधीने १,००० कमावले. बँकेने त्यातून १०० नफा समतोल राखीव निधीत टाकले. उरलेल्या ९०० पैकी बँकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे २७०. ठेवीदारांचे ६३०. त्यातून आणखी ३० गुंतवणूक जोखीम राखीव निधीत गेले. हातात पडले ६००. पहिला निधी वाटणीआधी काढतात, म्हणून त्याचा भार दोघांवर पडतो. दुसरा वाटणीनंतर, फक्त ठेवीदारांच्या हिश्श्यातून. वाईट वर्षी पहिल्या निधीतून नफा भरून काढतात, आणि दुसरा तोटा सोसायला वापरतात. कधी बँक आपला वाटाही सोडते. शेजारच्या साध्या बँकेने जास्त दिले तर ठेवीदार उठून जातील, ही भीती त्यामागे असते. करारात तोटा ठेवीदाराचा असला तरी व्यवहारात तो बँकेच्या भागधारकांवर सरकतो. यालाच विस्थापित व्यापारी जोखीम म्हणतात. तुमच्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा हाच असावा.

तेव्हा जाहीर दराशेजारी दोन रकाने वाढवा : निधीचे एकूण उत्पन्न आणि राखीव निधींतला त्या काळातला फरक. हे आकडे वार्षिक किंवा तिमाही अहवालांतून मिळतात, मासिक मिळणे कठीण. म्हणून विश्लेषणाचा तो भाग तिमाही ठेवा. एकूण उत्पन्न स्वतंत्रपणे हलते आणि जाहीर दर व्याजदरामागे जातो, असे दिसले तर दर गुळगुळीत केला जातोय हे सिद्ध करायला भक्कम आधार मिळेल.

मासिक मालिकेवर रिग्रेशन थेट लावू नका. दोन्ही दर वर्षानुवर्षे वर-खाली वाहत असतात. अशा मालिकांत खोटा संबंध सहज उभा राहतो. आधी प्रत्येक मालिकेची स्थिरता तपासा, मग सहसमाकलन (दोन्ही मालिका दीर्घकाळ एकत्र चालतात का), मग त्रुटी-दुरुस्तीचे प्रारूप (अंतर पडल्यावर त्या पुन्हा कशा जवळ येतात). शंभराच्या खाली निरीक्षणे असतील तर या चाचण्यांवर फार भार टाकू नये.

आणखी एक खड्डा. मलेशियात २०१३ चा इस्लामी वित्तसेवा कायदा आल्यावर मुद्दल सुरक्षित असलेली ठेव आणि मुद्दलाची हमी नसलेले गुंतवणूक खाते, अशी फोड झाली. मुदारबा दुसऱ्या बाजूला गेला आणि बऱ्याच बँकांनी मुदत ठेवी तवर्रुकवर नेल्या. त्यापूर्वीची आणि नंतरची मालिका सलग जोडली तर नाव एकच राहते, वस्तू बदललेली असते.

प्रश्न : हलाल उत्पादने खरेदीच्या इराद्यावर ७ गुणांची प्रश्नावली भरून घेतली. जवळजवळ सगळ्यांनी ६ किंवा ७ दिले. धार्मिकतेचा परिणाम निघतच नाही. नमुना वाढवू का?

नाही. चूक मोजपट्टीत आहे. सगळेच वर टेकले की फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर कोणतेही प्रारूप काही समजावून सांगणार नाही. ‘मी हलाल मांस घेईन’ याला मुस्लीम प्रतिसादक नाही कशाला म्हणेल? मांसाचा निर्णय बहुतेकांच्या मनात पक्का असतो. औषधाची जिलेटिन कॅप्सूल, सौंदर्यप्रसाधनातला अल्कोहोल, विमा, बँक खाते : डळमळ इथे असते. एकाच ‘हलाल’ शब्दाखाली हे सगळे विचारले तर उत्तर मांसाचेच मिळते.

इराद्याऐवजी निवड विचारा. दोन पर्याय समोर ठेवा : एकावर प्रमाणपत्र आणि किंमत १० टक्के जास्त, दुसऱ्यावर प्रमाणपत्र नाही, पण घटक स्वच्छ लिहिलेले. किंमत, प्रमाणपत्र देणारी संस्था आणि अंतर बदलत असे ८ ते १० संच द्या. त्याहून जास्त दिले तर लोक कंटाळून पहिल्याच पर्यायावर खूण करत जातात. ३० जणांवर चाचणी घ्या. एखादा पर्याय सगळेच निवडत असतील तर तो संच बदला. प्रत्यक्ष वागणूक मोजता आली तर त्याहून चांगले. जॉर्डनमध्ये कार्लन, ओस्मान आणि शम्मूत यांनी कर्ज शरियानुसार असल्याचा परिणाम अर्जांवर मोजला. अर्जांचे प्रमाण १८ वरून २२ टक्क्यांवर गेले, म्हणजे कर्ज १० टक्के स्वस्त केल्याइतका परिणाम. तो खरा आहे, पण मर्यादित आहे. इराद्याच्या पट्टीवर हा आकार कधीच दिसला नसता.

आता धार्मिकतेची पट्टी. ऑलपोर्ट आणि रॉस यांची १९६७ ची आंतरिक-बाह्य धार्मिकतेची पट्टी ख्रिस्ती प्रतिसादकांसाठी बनलेली. चर्चच्या जागी मशीद घातल्याने ती मुस्लिमांची होत नाही. मशिदीत नेमाने जाणे हे पुरुषांच्या बाबतीत काही सांगते. बाईचे घरी नमाज पढणे ही पट्टी मोजतच नाही, आणि बायका ‘कमी धार्मिक’ ठरतात. रोजाचेही तसेच : आजारपण, प्रवास, मासिक पाळी यांत सवलत शरियाच देते, तेव्हा सुटलेले रोजे मोजून श्रद्धा मोजता येत नाही. जकातीचा प्रश्न तर निसाबाखालच्या (जकात लागू होण्याच्या किमान संपत्तीखालच्या) गरिबाला लागूच नाही, तरी त्याच्या ‘नाही’ला शून्य गुण पडतात. अशाने तुमची धार्मिकता प्रत्यक्षात उत्पन्न आणि लिंग मोजत बसते. प्रश्नाआधी ‘तुम्हाला लागू आहे का’ हे विचारून घ्या आणि लागू नसेल तिथे गुण रिकामे ठेवा.

क्रॉनबाखचा अल्फा (पट्टीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचे माप) ०.७ च्या वर आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो ०.९५ च्या पुढे गेला तर एकच प्रश्न शब्द फिरवून विचारला गेला असण्याची शक्यता जास्त. धार्मिकता आणि खरेदी एकाच बैठकीत विचारली तर पहिल्याची छाया दुसऱ्यावर पडते. खरेदी आधी विचारा, आणि जमल्यास धार्मिकता दोन-तीन आठवड्यांनी.

प्रश्न : रमजानमधील विक्रीसाठी दरवर्षी एकच महिना खुणेचा (त्याला १, बाकीच्यांना ०) धरला तर चालेल?

चालणार नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. प्रत्येक इंग्रजी महिन्यातले रमजानचे दिवस मोजा आणि खुणेऐवजी तो अंश वापरा : ३० पैकी १२ दिवस असतील तर ०.४. रमजानच्या आधीचा आठवडा आणि ईदपूर्वीचे दहा दिवस स्वतंत्र धरा. पहिल्यात शिधा भरला जातो, दुसऱ्यात कपडे आणि भेटवस्तू. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, ती देशानुसार एका दिवसाने बदलू शकते. जकातीचा हिशेब सौर वर्षाने करणाऱ्या संस्थांचे आकडे वापरत असाल तर तिथे चांद्र वर्षाच्या २.५ ऐवजी सुमारे २.५७७ टक्के दर असतो, हेही पाहून घ्या.

प्रश्न : एकच कंपनी एका शरिया निर्देशांकात आहे, दुसऱ्यात नाही. कुणाचे चुकले?

कुणाचेच नाही, छेद वेगळा आहे, म्हणजे कर्जाची तुलना ज्या रकमेशी होते ती वेगळी आहे. इस्लामी वित्तसंस्थांची मानके ठरवणाऱ्या आओइफी या संस्थेच्या मानकात व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपर्यंत चालते. डाऊ जोन्सचा निर्देशांक २४ महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्याशी तुलना करतो आणि मर्यादा ३३ टक्के ठेवतो. काही निर्देशांक बाजारमूल्याऐवजी एकूण मालमत्ता छेदात घेतात. शेअरचा भाव अर्ध्यावर आला की एक पैसाही नवे कर्ज न घेता कंपनी पहिल्या कसोटीवर नापास होऊ शकते. सरासरीच्या कसोटीवर ती काही महिने तगते, आणि मालमत्तेच्या कसोटीवर काहीच बदलत नाही. परताव्याची तुलना करताना कोणती कंपनी कोणत्या तिमाहीत आत होती याची यादी तेव्हाचीच घ्या. आजची यादी मागे लावली तर मधल्या काळात बाहेर पडलेल्या कंपन्या गळतात आणि परतावा फुगतो.